एस. पी. साहेबांचं काम काय? आपला कागद कोणाच्या टेबलावर जायला पायजे?

(कार्यकर्ता शिबिरात आम्ही पोरांनी मिळून केलेलं हे भाषण. पावसामुळे ज्या पाड्यांवरून कोणी येऊ शकलं नाही त्यांच्यासाठी लिहून देत आहोत. ज्याला वाचता येतं त्याने पाड्यावर सगळ्यांना बसवून मोठ्याने वाचून दाखवावं.)



सकाळी गटात बसलो तेव्हा आम्ही एकच प्रश्न विचारला होता. पोलीस म्हणजे कोण? एक म्हातारी आई बोलली, "ज्याची गाडी दिसली की कोंबडी टोपलीखाली झाकायची, तो पोलीस." सगळे हसले. पण हसून झाल्यावर कोणी तिला खोटं बोलली नाय.

मग दुसरा प्रश्न विचारला. या पोलिसाच्या वर कोण? कोणी बोललं फौजदार, कोणी बोललं आमदार, कोणी बोललं शेठ. एस. पी. चं नाव दोघा-तिघांनी घेतलं. पण त्याचं काम काय, हे विचारल्यावर सगळे गप्प. आम्हीसुद्धा दोन वर्षांपूर्वी असेच गप्प होतो. बारावीच्या पुस्तकात हे कुठे नव्हतं. एका केसमध्ये ठेचा खाऊन शिकलो. ते आज सांगतो.

आधी शिडी समजून घेऊ. पोलीस स्टेशनात शिपाई, त्याच्यावर जमादार, त्याच्यावर फौजदार म्हणजे पी. एस. आय. खांद्यावर दोन तारे आणि लाल-निळी फीत. मोठ्या स्टेशनला पी. आय. असतो, त्याला तीन तारे आणि तीच फीत. त्याच्यावर डी. वाय. एस. पी. म्हणजे उपअधीक्षक. तीन तारे, पण फीत नाय. चार-पाच पोलीस स्टेशनं त्याच्या हाताखाली. आणि सगळ्या जिल्ह्याचा मुख्य म्हणजे पोलीस अधीक्षक, एस. पी. त्याच्या खांद्यावर अशोकाचे सिंह आणि तारा असतो. आपले म्हातारे त्याला अजून "डी. एस. पी. साहेब" बोलतात, तो हाच.

शहराचा मामला वेगळा. मोठ्या शहरात पोलीस आयुक्त असतात. आता ठाण्याचंच बघा. ठाणे शहराला आयुक्त आहेत, आणि ग्रामीण भागाला वेगळे अधीक्षक आहेत. त्या ग्रामीण भागातल्या माणसाने आयुक्तांच्या नावाने कागद पाठवला तर तो कागद फिरत राहतो. म्हणून पाकिटावर नीट लिहायचं: पोलीस अधीक्षक, ठाणे ग्रामीण. बाकी जिल्ह्यांत नुसतं पोलीस अधीक्षक आणि जिल्ह्याचं नाव.

आपल्या लोकांच्या मनात या साहेबाबद्दल दोन समज आहेत. एक समज, तो देव आहे, एकदा भेटला की सगळं होईल. दुसरा समज, तो सगळ्यात मोठा दंडुकावाला आहे, त्याच्यासमोर जायचंच नाय. दुसरा समज उगाच झालेला नाय. १० ऑक्टोबर १९४५ ला तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळ्या घातल्या. जेठ्या गांगड आणि त्याचे साथी तिथे पडले. लोकांचं मागणं काय होतं? वेठबिगार बंद करा, मजुरी द्या. आजोबांनी बापाला सांगितलं, बापाने आम्हाला सांगितलं. ती भीती रक्तात आली.

पण आम्ही बोलतो की दोन्ही समज सोडा. एस. पी. देव नाय आणि राजा पण नाय. तो पगारी नोकर आहे आणि त्याची कामं कायद्यात लिहिलेली आहेत. लिहिलेलं काम मागायला दया लागत नाय. कागद लागतो आणि एकी लागते.

आता ती केस सांगतो. गावाचं नाव घेत नाय, कारण केस चालू आहे.

एका पाड्यावर आपली एक वहिनी राहते. तिच्या सासऱ्याची जमीन फार वर्षांपूर्वी एका शेठने दारू पाजून, अंगठा घेऊन खाल्ली होती. आदिवासींची जमीन परत देण्याचा १९७४ चा कायदा आहे. त्या कायद्याने बरीच वर्षं खेपा मारून ती जमीन परत मिळाली. तहसीलच्या लोकांनी येऊन ताबा दिला. त्या पावसात वहिनीने पहिल्यांदा स्वतःच्या जमिनीत नागली लावली. भादव्यात नागली कमरेला आली होती. एका सकाळी शेठचे पाच-सहा माणसं आले. गुरं घातली, उरलेली नागली उपटली. वहिनी आडवी गेली तर काठीने मारलं. हात मोडला. जातीवरून जे बोलले ते इथे सांगण्यासारखं नाय.

आम्ही तिला घेऊन पोलीस स्टेशनात गेलो. जमादार बोलला, "जमिनीचा वाद आहे, दिवाणी कोर्टात जा." आम्ही बोललो, साहेब हात मोडलाय. तर बोलला, "किरकोळ मारामारी आहे." रात्री नऊ वाजेपर्यंत बसवलं आणि शेवटी एन. सी. लिहून हातात चिठ्ठी दिली. आम्हाला वाटलं केस झाली! चिठ्ठी घडी घालून खिशात ठेवली आणि खुशीत घरी आलो.

एन. सी. म्हणजे काय ते नंतर कळलं. एन. सी. म्हणजे अदखलपात्र. म्हणजे पोलिसाने वहीत टिपून ठेवलं, पण तो कोर्टाच्या हुकमाशिवाय तपास करणार नाय. दखलपात्र गुन्हा असेल तर एफ. आय. आर. लिहावाच लागतो. हात मोडणं ही गंभीर दुखापत, दखलपात्र. आदिवासीला त्याच्या जमिनीच्या हक्कात आडवं येणं हा १९८९ च्या ॲट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा, तोही दखलपात्र. म्हणजे आमची खुशी फुकट होती.

आता करायचं काय? इथेच एस. पी. चं पहिलं काम येतं.

पहिलं काम. स्टेशनने फिर्याद घेतली नाय तर ती एस. पी. ने घ्यायची. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम १७३, त्याचं चौथं पोटकलम. स्टेशनवाल्याने नकार दिला तर माणसाने झालेली हकीकत लिहून पोस्टाने एस. पी. ला पाठवायची. त्यात दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर एस. पी. ने स्वतः तपास करायचा, नायतर हाताखालच्या अधिकाऱ्याला करायला सांगायचा. म्हणजे जिल्ह्याच्या ऑफिसात जाऊन बाहेरच्या बाकावर दिवस घालवायची पण गरज नाय. पोस्ट चालतं, तसं कायद्यातच लिहिलंय.

पण यात एक खोच आहे, ती नीट ऐका. एस. पी. च्या ऑफिसात रोज ढीगभर कागद येतात. तिथला क्लार्क काय करतो? "चौकशी करून अहवाल द्या" असा शेरा मारून कागद खाली पाठवतो. कागद वरून खाली, खालून आणखी खाली, आणि शेवटी त्याच जमादाराच्या टेबलावर येतो ज्याच्याबद्दल तक्रार आहे! मग तो अहवाल देतो, "तक्रारीत तथ्य नाही." आपल्या किती केसा अशा मेल्या ते तुम्हाला माहीत आहे.

याला उपाय आहे. ॲट्रॉसिटी कायद्याचे १९९५ चे नियम. नियम ५ सांगतो की स्टेशनने नकार दिला आणि एस. पी. ला लिहून पाठवलं, तर एस. पी. ने स्वतः किंवा डी. वाय. एस. पी. च्या खालचा नाय अशा अधिकाऱ्याकडून तपासून घ्यायचं, आणि गुन्हा नोंदवायचा लेखी हुकूम स्टेशनला द्यायचा. नियम ७ सांगतो की या केसचा तपास डी. वाय. एस. पी. च्या खालचा माणूस करू शकत नाय. म्हणजे जमादार नाय, फौजदार नाय, पी. आय. पण नाय. तपास करून अहवाल एस. पी. कडे द्यायचा, आणि आरोपपत्र साठ दिवसांत कोर्टात जायला पायजे. म्हणून आपल्या अर्जात हे दोन नियम नंबरासकट लिहायचे. नंबर लिहिला की कागद त्याच टेबलावर परत जाऊ शकत नाय. गेला, तर ती चूक एस. पी. ची, आणि ती आपण दाखवू शकतो.

आम्ही वहिनीच्या अंगठ्याने तसा अर्ज पाठवला. रजिस्टर पोस्टाने, पोचपावतीसकट. एक प्रत कलेक्टरला, एक प्रत प्रकल्प अधिकाऱ्याला, एक आमच्याकडे. सोबत सरकारी दवाखान्याचा केसपेपर. आणि पाड्यातल्या लोकांनी एक शहाणपण केलं होतं. उपटलेली नागली तशीच बांधावर राखून ठेवली होती, गुरांना शिवू दिली नाय.

नवव्या दिवशी पोचपावती आली. त्यानंतर काही दिवसांनी डी. वाय. एस. पी. ची जीप नदीपर्यंत आली आणि तिथून साहेब चालत पाड्यावर आले. वहिनीचा जबाब तिच्या ओटीवर बसून घेतला. बांधावरच्या नागलीचा पंचनामा झाला. दोन दिवसांनी एफ. आय. आर. ची नक्कल घ्यायला आम्ही त्याच पोलीस स्टेशनात गेलो. ज्या जमादाराने रात्री नऊपर्यंत उभं ठेवलं होतं तो बोलला, "या, खुर्ची घ्या." वहिनी बोलली, "खुर्ची नको. नक्कल दे." नक्कल फुकट मिळते, तेही कायद्यात आहे. त्याने दिली.

दुसरं काम. अत्याचार झाला तर एस. पी. ने जागेवर यायचं. हा नियम १२. कलेक्टर आणि एस. पी. दोघांनी घटनेच्या जागी जाऊन किती जीवहानी, किती नुकसान ते बघायचं, पीडितांची यादी करायची. गुन्हा वहीत नोंदला का ते एस. पी. ने बघायचं, तपास अधिकारी नेमायचा, गरज असेल तर पोलीस बसवायचे. मोठी घटना झाली की आपण मोर्चा घेऊन जिल्ह्याला जातो. मोर्चा पायजेच. पण अर्जात हे पण लिहा की साहेब, नियम १२ प्रमाणे तुम्ही आमच्याकडे या. आमची राख झालेली झोपडी जिल्ह्याच्या टेबलावर आणता येत नाय.

तिसरं काम. हाताखालच्या पोलिसाला आवर घालणं. महाराष्ट्र पोलीस कायदा १९५१ चा आहे. त्याचं कलम ६६ सांगतं की झडती घेताना पोलिसाने विनाकारण उद्धटपणा करायचा नाय, बाया-पोरांशी सभ्यतेने वागायचं, कोठडीतल्या माणसाला खायला आणि निवारा द्यायचा. आपल्या झोपडीत येऊन मडकी फोडतात, तांदूळ मातीत सांडतात, तेव्हा ते कायदा मोडतात. आणि कोणी जाणूनबुजून ॲट्रॉसिटी कायद्यातलं कर्तव्य टाळलं, तर त्या बिगरआदिवासी-बिगरदलित नोकराला कलम ४ खाली सहा महिने ते एक वर्ष कैद आहे.

बायांसाठी वेगळं सांगतो. साक्षीसाठी किंवा जबाबासाठी बाईला आणि पंधरा वर्षांखालच्या पोराला पोलीस स्टेशनात बोलवता येत नाय. त्यांच्या घरी येऊन विचारायचं, हे नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७९. हे का महत्त्वाचं? १९७२ साली चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस स्टेशनात एका आदिवासी पोरीवर पोलिसांनीच अत्याचार केला. सुप्रीम कोर्टाने १९७८ साली त्या पोलिसांना सोडून दिलं. देशभरच्या बाया रस्त्यावर आल्या, तेव्हा १९८३ साली कायदा बदलला आणि कोठडीतल्या बलात्काराला कमीत कमी दहा वर्षं शिक्षा ठरली. तो बदल आपल्याच एका पोरीच्या दुःखातून आला, हे विसरू नका.

चौथं काम. माणूस उचलला तर त्याचा हिशेब ठेवणं. चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करायचं, ही घटनेतलीच गोष्ट, कलम २२. डिसेंबर १९९६ मध्ये डी. के. बसू केसमध्ये सुप्रीम कोर्टाने आणखी अकरा सूचना दिल्या. त्यातल्या आपल्या कामाच्या ह्या: पोलिसाच्या छातीवर नाव स्पष्ट दिसलं पायजे. अटकेचा कागद करायचा, त्यावर घरच्या नायतर गावच्या माणसाची सही किंवा अंगठा. एका नातेवाइकाला कळवायचं. कोठडीत असताना दर अठ्ठेचाळीस तासांनी डॉक्टरची तपासणी. आणि जिल्ह्याच्या कंट्रोल रूममध्ये बारा तासांच्या आत अटकेची खबर देऊन ती फलकावर लावायची. कंट्रोल रूम कोणाची? एस. पी. ची. म्हणून आपला माणूस उचलला आणि स्टेशनवाले "आमच्याकडे नाय" बोलले, की जिल्ह्याच्या कंट्रोल रूमला फोन करायचा. फोन केलेली वेळ लिहून ठेवायची. कोठडीत कोणी मेलं तर कलेक्टर आणि एस. पी. ने चोवीस तासांत दिल्लीच्या मानवी हक्क आयोगाला कळवायचं, असं आयोगाने १९९३ सालीच सांगितलंय.

पाचवं काम, बंदोबस्त. आता आपल्या प्लॉटवर येतो.

फॉरेस्टवाले पीक मोडायला येतात तेव्हा सोबत पोलीस असतात. आपण बोलतो, "पोलिसांनी पीक मोडलं." पण फॉरेस्ट खातं वेगळं, पोलीस खातं वेगळं. एस. पी. फॉरेस्टचा साहेब नाय. फॉरेस्ट त्याच्याकडे बंदोबस्त मागतं आणि तो पोलीस देतो. बंदोबस्त म्हणजे दोन्ही बाजूंना मार लागू नये म्हणून उभं राहणं. नांगर ओढून फेकणं, झोपडीचे वासे उपटणं हे पोलिसाचं काम नाय. म्हणून मोडायला येण्याची कुणकुण लागली की आधीच एस. पी. ला अर्ज द्या. सोबत जुन्या दंडाच्या पावत्यांच्या नकला जोडा. लिहा की २००६ च्या वन हक्क कायद्याप्रमाणे आमच्या प्लॉटचा निकाल व्हायचा आहे, तो झाल्याशिवाय कोणत्या लेखी हुकमाने बंदोबस्त देता ते सांगा. त्या पावत्या जपा! दंड भरला म्हणून लाज वाटायची गरज नाय. आपण तेव्हापासून कसतोय याचा तो पुरावा आहे.

फॉरेस्ट गार्डने माणूस पकडला तर त्याला रेंज ऑफिसात दोन-दोन दिवस डांबता येत नाय. १९२७ च्या वन कायद्यातच लिहिलंय की विनाकारण उशीर न करता मॅजिस्ट्रेटकडे किंवा जवळच्या पोलीस स्टेशनात न्यायचं. आणि गार्डने मारलं तर गार्डवर पण फिर्याद होते. एक गोष्ट मात्र खरी सांगतो. मारणारा स्वतः आदिवासी किंवा दलित असेल तर ॲट्रॉसिटी कायदा लागत नाय. तेव्हा मारहाणीची साधी कलमं लागतात. उगाच ॲट्रॉसिटी लिहून केस कच्ची करू नका.

आता एस. पी. काय करू शकत नाय तेही ऐका. जमीन कोणाची, हे तो ठरवत नाय. सातबारा, ताबा, प्लॉट, हे तहसीलदार, प्रांत, कलेक्टर आणि कोर्टाचं काम. त्याच्याकडे जाऊन "आमची जमीन आम्हाला द्या" बोललो तर तो हात वर करणार, आणि ते बरोबर आहे. त्याच्याकडे मागायचं ते एवढंच: आमच्या अंगाला आणि पिकाला कोणी हात लावला तर गुन्हा लिहा, नीट तपास करा, आणि तुमचा माणूस शेठच्या बाजूने उभा राहिला तर त्याला जबाबदार धरा.

आणि चांगला साहेब आला म्हणून झोपू नका. साहेब बदलून जातो. त्याच्यावर आमदाराचा फोन येतो, शेठची ओळख निघते. साहेबाच्या चांगुलपणावर आपली जमीन टिकणार नाय. साहेब बदलला तरी आपल्या पेटीतली पोचपावती बदलत नाय.

तर आपलं काम काय? घटना झाली की त्याच दिवशी तारीख, वार, वेळ, जागा लिहून काढा. कोणी मारलं, कशाने मारलं, कोणी बघितलं. जेवढं झालं तेवढंच लिहा. रागात एक वाक्य खोटं घातलं तर शेठचा वकील त्या एका वाक्यावरून बाकीची दहा खरी वाक्यं पाडतो. आधी सरकारी दवाखाना, केसपेपर घ्यायचा. पोलीस स्टेशनात एकट्याने जायचं नाय, चार जण जायचं आणि त्यात बाया पायजेत. चिठ्ठी मिळाली तर ती एन. सी. आहे की एफ. आय. आर. हे वाचून घ्या. लिहिलेलं वाचून दाखवल्याशिवाय अंगठा द्यायचा नाय. आपल्या सासऱ्यांनी, आजोबांनी न वाचता दिलेल्या अंगठ्यांनी जमिनी गेल्या.

त्या वहिनीचं पुढे काय झालं, असं सकाळी एका काकाने विचारलं. केस सेशन कोर्टात आहे. शेठचे माणसं जामिनावर सुटले. नुकसानीचा अर्ज कलेक्टरकडे पडून आहे. त्या वर्षाची नागली गेली ती गेलीच, घरात त्या वर्षी उधारीच्या तांदळावर दिवस काढले. हात बसला, पण जड काम झालं की दुखतो. म्हणजे सगळं जिंकलो असं आम्ही खोटं बोलणार नाय. पण या पावसात तिने परत नागली लावली आणि या वेळी गुरं घालायला कोणी आलं नाय.

आज आपण पाड्या-पाड्याने दोन-दोन पोरं ठरवू, एक मुलगा आणि एक मुलगी, ज्यांना लिहिता येतं. त्यांच्याकडे वही, कार्बन आणि एस. पी. चा पत्ता राहील. पाड्यावर काही झालं तर आधी त्यांना उठवा, रात्र असली तरी. अर्ज त्यांनी लिहायचा, पण पोस्टाचे पैसे सगळ्या पाड्याने भरायचे, म्हणजे तो अर्ज एकट्याचा राहत नाय.

जिंदाबाद!